नीडलपॉइंट: कॅनव्हासवर उठाव आणणारे टाके आणि कोपऱ्यात न फसणारा काठ

नीडलपॉइंट म्हणजे भोकांच्या कडक जाळीदार कॅनव्हासवर मोजून टाके घालून केलेलं भरतकाम. त्यातलं अख्खं चित्र एकाच छोट्या तिरक्या टाक्यानं भरलं की काम स्वच्छ दिसतं पण सपाट दिसतं, आणि मग आपण अजून एक शेड आणू, अजून एक रंग घालू असं करत बसतो. बऱ्याचदा रंग कमी पडलेलाच नसतो, टाका बदलायचा राहिलेला असतो. तीच लोकर उभी पडली की तिच्यावर उजेड एका तऱ्हेनं पडतो, तिरकी पडली की दुसऱ्या, आणि चार टाके एकमेकांवर चढले की मधे उंचवटा येऊन बाजूला सावली पडते. टेक्श्चर टेक्श्चर म्हणतात ते एवढंच. काठ म्हणजे पण हेच टाके, फक्त मोजून घातलेले, कारण काठ फसतो तो कायम कोपऱ्यात, आणि कोपरा फसतो तो सुई हातात घ्यायच्या आधीच, धागे न मोजल्यामुळे.

मॅटीवर क्रॉस स्टिच केलेल्यांना हे अजिबात नवीन वाटणार नाही. राधाकृष्ण, पोपटाची जोडी, काचेच्या फ्रेममधलं सुस्वागतम्, हे सगळं भोकं मोजूनच भरलेलं असायचं. फरक इतकाच की मॅटीवर मागचं कापड मोकळं दिसलं तरी चालतं, नीडलपॉइंटमधे कॅनव्हासचा एकही धागा दिसता कामा नये, सगळं दोऱ्यानं झाकायचं. म्हणूनच दोरा किती जाड घ्यायचा हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा होतो.

आधी सामान, थोडक्यात

कॅनव्हासचा नंबर म्हणजे एका इंचात किती धागे. १० नंबर म्हणजे इंचाला १० धागे, १४ म्हणजे १४, १८ म्हणजे बारीक काम. शिकायला १० नंबर घ्या, डोळ्यांना बरा आणि मोजायला सोपा. त्यात मोनो म्हणजे एकेरी धाग्याचा, पेनेलोप म्हणजे जोडधाग्याचा, आणि इंटरलॉक म्हणजे ज्याचे धागे एकमेकांत अडकवलेले असतात तो. उठावाचे टाके करायला मोनो सगळ्यात बरा. इंटरलॉकच्या कडा उसवत नाहीत त्यामुळे नवीन माणसाला तोही चालतो. पेनेलोपवर उभे टाके घालताना जोडधाग्यांमधे उगाच गोंधळ होतो, तो आत्ता बाजूला ठेवा. ज्यांना नुसता हात बसवायचा आहे त्यांनी ७ नंबरचा प्लास्टिक कॅनव्हास आणि घरात पडलेली विणायची लोकर घ्यावी, त्याचे कोस्टर होतात, तोरणाचे तुकडे होतात, काही वाया जात नाही.

सुई बोथट टोकाची, टॅपेस्ट्रीची. १० नंबरच्या कॅनव्हासला १८ नंबरची सुई, १४ ला २०, १८ ला २२. सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते हे लक्षात ठेवा, कॅनव्हासचंही तसंच. दोरा म्हणाल तर १० नंबरवर टॅपेस्ट्री वूलचा एक पदर तिरक्या टाक्यांना छान बसतो. स्ट्रँडेड कॉटनची लडी आपल्याकडे कुठेही मिळते, ८ मीटर लांब, ६ पदरी, पण ती १४ नंबरवर सहाच्या सहा पदर घेऊन किंवा १८ वर ४ पदर घेऊन चांगली दिसते, १० नंबरवर नुसती कॉटन घालायला गेलात तर लड्यांवर लड्या जातील. पर्ल कॉटनमधे, म्हणजे पिळाच्या चकाकत्या कॉटन दोऱ्यात, ५ नंबर हा ८ नंबरपेक्षा जाड असतो, दुकानात जाऊन उलटं आणू नका. पुण्यात बोहरी आळीत फिरलात तर सुया, फ्रेमा, लोकर एका फेरीत जमतं, कॅनव्हास मात्र नंबर सांगून मागा आणि पट्टी लावून एक इंचात किती धागे ते तिथेच मोजा, कारण कॅनव्हास द्या म्हटलं की पेंटिंगचा कॅनव्हास समोर यायची शक्यता खूप.

गोल रिंग वापरू नका. कॅनव्हास कडक असतो, रिंगच्या वळ्या पडतात त्या जात नाहीत. लाकडी चौकटीला पुशपिननी ताणून लावा, जुनी फोटोफ्रेम पण चालते. कडांना आधी मास्किंग टेप लावा नाहीतर लोकर प्रत्येक टाक्याला कडेत अडकते. आणि वर कुठली बाजू आहे ते टेपवर बाण काढून ठेवा.

दोरा १८ इंचापेक्षा लांब घेऊ नका, जरीचा असेल तर फूटभरच, कारण कॅनव्हासच्या भोकातून सारखा जाऊन जाऊन लोकर पिंजते, जरीचा दोरा तर सोलूनच निघतो. सुरुवातीला गाठ मागे नाही, पुढे मारायची, म्हणजे जिथून सुरू करायचं त्याच्या इंचभर पुढे, ज्या दिशेला आपण जाणार त्याच ओळीत, सुई वरून खाली घालायची. मग टाके घालत घालत गाठीपाशी आलं की मागचा दोरा आपोआप दाबला गेलेला असतो, गाठ कापून टाकायची. संपवताना मागच्या टाक्यांखालून इंचभर फिरवायचा. गडद लोकर फिक्या भागाच्या मागून फिरवू नका, पुढून डाग पडल्यासारखी दिसते.

कॉटनचे पदर वापरताना सगळे सुटे करून, एकेक ओढून काढून, परत एकत्र करून ओवायचे. कंटाळवाणं आहे पण त्यानं दोरा फुगतो, चपटा बसतो आणि कॅनव्हास नीट झाकतो. टाका ओढताना पदर दाभणाच्या अंगावरून शेजारी शेजारी बसवले की चकाकी कितीतरी वाढते.

साधा तिरका टाका, कारण बाकीचं सगळं त्याच्या शेजारी बसणार

टेंट स्टिच म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याच्या चौकावरून डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारा टाका. पुढून कायम सारखाच दिसतो पण घालायच्या तीन पद्धती आहेत. हाफ क्रॉसला लोकर कमी लागते, पण साध्या मोनोवर तो धाग्यांखाली सरकतो म्हणून तिथे नको. कॉन्टिनेंटल आडव्या ओळीत जातो, मागे लांब तिरके टाके पडतात, बारीक रेषा आणि आउटलाइनला एकदम योग्य, पण मोठा भाग यानं भरला की कॅनव्हास तिरका ओढला जातो. आणि बास्केटवीव्ह, जो कर्णाच्या दिशेनं तिरक्या ओळींनी भरतात, खाली येताना सुई उभी आणि वर जाताना सुई आडवी, मागे चटईची वीण दिसते. बॅकग्राउंडला हाच. मोनो कॅनव्हास नीट बघितलात तर काही चौकांवर उभा धागा वर असतो, काहींवर आडवा. उभा धागा वर असलेल्या तिरक्या ओळीत खाली उतरायचं, आडवा वर असलेल्या ओळीत वर चढायचं. एवढं पाळलं की मधेच काम सोडून चार दिवसांनी उचललं तरी दिशा चुकत नाही. लागोपाठ दोन ओळी एकाच दिशेनं गेल्या तर पुढून एक बारीक रेघ उमटते आणि ती उसवल्याशिवाय जात नाही.

उठावाचे टाके: कुठला कधी

हे टाके शेकड्यानं आहेत, सगळे शिकायची काही गरज नाही. मला विचाराल तर आठ-दहा टाके नीट येत असले की बस, आणि एका कामात चार-पाचच्या वर घालू नयेत, नाहीतर ते नमुन्यांचं फडकं होतं.

मोझेक सगळ्यात छोटा: २ बाय २ धाग्यांच्या चौकोनात तीन तिरके टाके, एक छोटा, एक मोठा, एक छोटा. बॅकग्राउंडला टेंटपेक्षा जरा जिवंत पण डोळ्यात न भरणारा. काश्मीर म्हणजे त्याचाच लांबट भाऊ, २ बाय ३ मधे चार टाके, छोटा, दोन मोठे, छोटा. भिंत, विटा, दार अशा गोष्टींना चांगला. स्कॉच म्हणजे ३ बाय ३ मधे पाच टाके: १ चौकावरून, मग २, मग ३, परत २, परत १. या स्कॉचची गंमत अशी की शेजारचा चौकोन उलट्या दिशेनं तिरका घातला की एकाच रंगात बुद्धिबळाचा पट दिसायला लागतो, रंग तोच, फक्त उजेड वेगळा. ज्यांना टाक्याच्या दिशेचं महत्त्व पटत नाही त्यांनी मोरपंखी कॉटनमधे असे चार चौकोन घालून खिडकीपाशी धरून बघावेत.

उभ्या टाक्यांत ब्रिक (सगळे सारख्या लांबीचे, विटांसारखे सरकवून बसवलेले), पॅरिसियन आणि हंगेरियन. पॅरिसियनमधे एक लांब एक आखूड असे उभे टाके, ४ धाग्यांवरून आणि २ धाग्यांवरून, आणि पुढच्या ओळीत लांबाच्या खाली आखूड येतो. हंगेरियनमधे तीन टाक्यांचा एक छोटा हिरा: २, ४, २ धाग्यांवरून, मग एक भोक मोकळं सोडायचं, परत २, ४, २. पुढच्या ओळीचा लांब टाका वरच्या ओळीत सोडलेल्या भोकात जाऊन बसतो. दोन रंगांत केलं तर फार देखणं दिसतं. फ्लोरेन्सच्या बार्जेलो राजवाड्यात, जिथे आता म्युझियम आहे, तिथल्या खुर्च्यांवर ज्या ज्वाळांसारख्या लाटा आहेत आणि ज्यांच्यावरून त्या सगळ्या कामाला बार्जेलो नाव पडलं, त्यासुद्धा उभ्याच टाक्यांच्या, वर चढत आणि खाली उतरत जाणाऱ्या.

उभ्या टाक्यांची एक अडचण सांगून ठेवते. तिरका टाका चौकावरून जातो म्हणून धागा नीट झाकतो, उभा टाका दोन धाग्यांच्या मधून जातो म्हणून मधून पांढरा कॅनव्हास डोकावतो. उपाय तीन: दोऱ्याचा एखादा पदर वाढवा, किंवा टाका जरा सैल ओढा, किंवा सुरू करायच्या आधीच तेवढा भाग लोकरीच्या रंगाच्या अॅक्रिलिक रंगानं पातळसर रंगवून पूर्ण वाळवा. गडद रंगाला हा तिसरा उपाय बेस्ट.

आता उंच टाके. स्मर्ना म्हणजे ४ बाय ४ धाग्यांवर आधी गुणिले, त्याच्यावर अधिक. क्रम असा: डावा खालचा कोपरा ते उजवा वरचा, मग उजवा खालचा ते डावा वरचा, मग मधोमध उभा, शेवटी मधोमध आडवा. शेवटचा आडवा तर सगळ्यांत आडवाच, एखाद्यात जरी उभा वर राहिला तरी लगेच नजरेत येतो. राइस स्टिचमधे ४ बाय ४ चा मोठा गुणिले लोकरीनं घालायचा आणि त्याच्या चारही टोकांवर बारीक पर्ल कॉटननं छोटे तिरके टाके घालायचे, प्रत्येक छोटा टाका चौकोनाच्या एका बाजूच्या मध्यापासून शेजारच्या बाजूच्या मध्यापर्यंत. मधे आपोआप हिऱ्याचा आकार येतो. आधी सगळे मोठे गुणिले संपवा, मग बारीक दोरा घ्या, नाहीतर दर मिनिटाला सुई बदलत बसाल.

ऱ्होड्स हा इंग्लंडच्या मेरी ऱ्होड्स यांच्या नावाचा टाका आणि सगळ्यात उंच. ६ बाय ६ चा चौकोन घ्या. डाव्या खालच्या कोपऱ्यातून वर या, उजव्या वरच्या कोपऱ्यात खाली जा. पुढचा टाका खालच्या बाजूनं एक भोक उजवीकडे सरकून वर येतो आणि वरच्या बाजूला एक भोक डावीकडे सरकून खाली जातो. असं सरकत सरकत सात टाक्यांत खालची बाजू संपते, मग उजव्या बाजूनं एकेक भोक वर चढत पाच टाके. एकूण १२. सगळे मधे एकमेकांवर चढतात आणि मधोमध चांगला टेंगूळ तयार होतो. सगळे ऱ्होड्स एकाच कोपऱ्यातून एकाच दिशेनं सुरू करायचे.

तुर्की गाठ म्हणजे झुपके. गवत, मांजराची शेपटी, झेंडूचं फूल यांना. एका ओळीतली तीन भोकं बघा. मधल्या भोकात वरून सुई खाली घाला, दोऱ्याचं टोक वरच राहू द्या. डाव्या भोकातून वर या, तिन्हीवरून जाऊन उजव्या भोकात खाली, परत मधल्या भोकातून वर, आणि खाली ओढून घट्ट करा. पुढच्या गाठीआधी पेन्सिलीवर लोकरीचा लूप सोडा म्हणजे सगळे लूप सारख्या उंचीचे येतात. ओळी खालून वर भरत जा, आणि कापायचे असतील तर सगळं बाकी काम झाल्यावर शेवटी कापा, नाहीतर पुढचा आठवडा लोकरीचे तुकडे वेचण्यात जाईल. फ्रेंच नॉट पण चालतो, फक्त कॅनव्हासवर सुई ज्या भोकातून वर आली त्याच भोकात परत घालू नका, गाठ आरपार निघून जाते, शेजारच्या भोकात घाला.

टाका निवडताना दोन गोष्टी बघा. जागा किती आहे: १० धागे रुंदीच्या पानात ६ बाय ६ चा ऱ्होड्स एकच बसतो आणि बाकी सगळे तुकडे राहतात, तिथे मोझेक नाहीतर पॅरिसियन घ्या. आणि वस्तू कशाची आहे: उशी, पर्स, आसन अशा घासणाऱ्या वस्तूवर ५-६ धाग्यांपेक्षा लांब टाका नको, अंगठी नाहीतर बांगडी अडकते. भिंतीवरच्या फ्रेममधे कितीही लांब घाला, कोण हात लावतंय.

कोयरी भरताना

समजा मधे कोयरी आहे. आउटलाइन कॉन्टिनेंटलनं, गडद आमसुली. पोटात हंगेरियन, दोन रंगांत. इथे नवीन माणूस कडेपासून सुरू करतो आणि अडकतो. तसं न करता कोयरीचा सगळ्यात रुंद भाग कुठे आहे ते बघा आणि तिथे हिऱ्यांची एक पूर्ण ओळ आडवी घाला. मग तिच्या वर आणि खाली भरत जा. कडेला पूर्ण हिरा बसत नाही तिथे टाका जेवढा बसेल तेवढाच घालायचा, ४ धाग्यांच्या जागी २, २ च्या जागी १, पण भोकं तीच धरायची जी पूर्ण टाक्याला लागली असती. गोंधळ वाटला तर पूर्ण हिरा पेन्सिलीनं चौकटीच्या कागदावर काढा आणि त्यावर कोयरीची कड काढा, कुठला टाका किती कापला जातो ते लगेच दिसतं. अगदी एका धाग्याचा उभा तुकडा कडेला उरत असेल तर तो सोडून द्या आणि आउटलाइनच तिथे एक टाका जाड करा, कुणाच्या लक्षातही येत नाही.

कोयरीच्या टोकाला दोन-तीन छोटे स्मर्ना, २ बाय २ चे, चकाकत्या कॉटनमधे. बॅकग्राउंड मोतिया रंगाचं बास्केटवीव्ह. पोटात उठाव आहे म्हणून मागे शांतच हवं. मागेही स्कॉच आणि पुढेही हंगेरियन केलंत तर कोयरी शोधावी लागेल.

काठाचा हिशोब

आता मुख्य काम. प्रत्येक काठाच्या टाक्याला त्याचं एक माप असतं, स्मर्नाचं ४, स्कॉचचं ३, मोझेकचं २. आतल्या चौकोनाची बाजू त्या मापानं पूर्ण भागली गेली पाहिजे, नाहीतर कोपऱ्यात अर्धा टाका उरतो. म्हणून आतलं चित्र किती धाग्यांचं ठेवायचं हे काठ ठरवल्यावर ठरवा, आधी नाही.

१० नंबरच्या कॅनव्हासवर एका छोट्या उशीचा हिशोब देते, तसाच्या तसा करता येईल. मधला कोयरीचा चौकोन ७८ बाय ७८ धागे. त्याच्याभोवती टेंटची एक गडद ओळ, दोन्ही बाजूंनी एकेक धागा वाढला, झाले ८०. त्याच्याभोवती स्मर्नाचा पट्टा: ८० भागिले ४, एका बाजूला २०, आणि चार कोपऱ्यांचे ४, एकूण ८४ स्मर्ना. बाहेरचं माप ८८. परत टेंटची एक ओळ, ९०. मग स्कॉचचा पट्टा: ९० भागिले ३, बाजूला ३०, कोपरे ४, एकूण १२४ चौकोन. बाहेरचं माप ९६. शेवटी सरळ गोबेलिन, म्हणजे ४ धाग्यांवरून शेजारी शेजारी घातलेले सरळ टाके, झाले १०४ धागे, १० नंबरवर १०.४ इंच. चारही बाजूंना दोन-दोन इंच मोकळं सोडायचं, तेव्हा कॅनव्हास साडेचौदा इंचांचा चौकोन कापा.

कॅनव्हासवर खुणा पेननं करू नका, पुढे ओला करताना शाई लोकरीत चढते, पेन्सिल फिक्या लोकरीला काळं करते. फिक्या रंगाच्या साध्या शिवणाच्या दोऱ्यानं धावदोरा घाला: आधी मधोमध उभा आणि आडवा, मग मधल्या चौकोनाच्या चार बाजू. दर १० धाग्यांवर धावदोऱ्याचा टाका वर-खाली केलात तर परत परत मोजायला लागत नाही. टाके त्याच्यापर्यंत आले की ओढून काढायचा. काठाची प्रत्येक बाजू दोनदा मोजा, एकदा स्वतः आणि एकदा घरातल्या कुणाकडून तरी, कारण आपण चुकलो की दुसऱ्यांदाही तिथेच चुकतो.

आता दोन रंग एकाआड एक घालायचा मोह होतो, तिथे थांबून बघा. स्मर्नाची एक बाजू कोपऱ्यांसकट २२ टाक्यांची आहे, म्हणजे सम. लाल-पिवळा-लाल-पिवळा करत गेलात तर एका कोपऱ्यात लाल आणि शेजारच्या कोपऱ्यात पिवळा येणार. चारही कोपरे सारखे हवे असतील तर कोपऱ्यांसकट संख्या विषम लागते. इथे ती सम आहे म्हणून मी सरळ खालचा गुणिले एका रंगाचा आणि वरचा अधिक दुसऱ्या रंगाचा करते, सगळे टाके एकसारखे, प्रश्न मिटला.

स्कॉचमधे मात्र सम संख्याच हवी आणि ती का ते बघण्यासारखं आहे. बाजू कोपऱ्यांसकट ३२ चौकोनांची. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात टाके वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारे घाला, पुढचा चौकोन उलटा, असं एकाआड एक करत गेलं की बत्तिसावा, म्हणजे उजवीकडचा वरचा कोपरा, आपोआप उलट दिशेचा येतो. तिथून खाली उतरा, परत ३२, परत उलट. चारही कोपऱ्यांतले टाके मधल्या कोयरीकडे रोख करून बसतात, अगदी मुद्दाम काढल्यासारखे. संख्या विषम असती तर चारही कोपरे एकाच दिशेला झुकले असते, दोन बरोबर आणि दोन तिरपागडे.

स्कॉचच्या जागी लांब हाताचा क्रॉस पण बसतो, कारण त्याचंही माप ३ च आहे, आणि तो वेणी घातल्यासारखा दिसतो. डावीकडून सुरू: एका भोकातून वर या, ३ धागे वर आणि ६ धागे उजवीकडे जाऊन खाली घाला. वरच्याच ओळीत ३ धागे मागे येऊन वर या, तिथून ३ धागे खाली आणि ३ उजवीकडे जाऊन खाली घाला. मग खालच्या ओळीत ३ धागे मागे येऊन वर, आणि परत पहिल्यापासून. कोपऱ्यात दोरा संपवा, कॅनव्हास पाव फिरवा आणि परत डावीकडून उजवीकडेच जा, नाहीतर दोन बाजूंची वेणी एकीकडे आणि दोन बाजूंची भलतीकडे वळते.

माप भागलं जातच नसेल, म्हणजे चित्र आधीच छापील आहे आणि बाजू समजा ८३ धाग्यांची आहे, तर दोन वाटा. एक, चित्राच्या एका बाजूला टेंटची एक ओळ जास्त घाला, ८४ होतात आणि ४ नंही भागतात, ३ नंही. दुसरी, काठ दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे भरत या आणि मधे उरलेल्या जागेत एक वेगळा टाका टाका, छोटा ऱ्होड्स किंवा फूल, चारही बाजूंच्या मध्यावर तोच. बघणाऱ्याला वाटतं डिझाइनच तसं आहे. कोपऱ्यात कधी जुळवाजुळव करू नका.

गोबेलिनचा कोपरा

बाहेरचा सरळ गोबेलिन म्हणजे ४ धाग्यांवरून उभे टाके, प्रत्येक भोकात एक. वरच्या आणि खालच्या बाजूला उभे, डाव्या-उजव्या बाजूला आडवे. कोपऱ्यात ४ बाय ४ चा एक मोकळा चौकोन राहतो, त्यात आतल्या कोपऱ्याच्या भोकापासून बाहेरच्या कोपऱ्याच्या भोकापर्यंत एक कर्ण मनात धरा. वरच्या बाजूचे टाके आतल्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण ४ चे. त्यानंतरच्या भोकात वरचं टोक तिथेच, खालचं टोक कर्णावर एक भोक चढलेलं, म्हणजे ३ चा टाका, मग २, मग १. बाजूच्या आडव्या टाक्यांचंही तसंच, ४, ३, २, १, आणि दोन्हीकडचे टाके कर्णावर एकाच भोकात भेटतात. शेवटी त्या कर्णावरून कोपरा ते कोपरा एक लांब तिरका टाका, म्हणजे भेटीची भोकं झाकली जातात. कोपऱ्यातल्या भोकात गर्दी होते म्हणून आधी सगळ्या ठिकाणी सुई बाहेरच्या मोकळ्या कडेतून वर आणा आणि गर्दीच्या भोकात खाली घाला, आधीचे टाके फाटत नाहीत.

लोकर किती लागेल हे कुणाला विचारत बसू नका. प्रत्येक टाक्याचा एक इंच बाय एक इंच तुकडा फालतू कॅनव्हासवर करून बघा, आधी लोकर मोजून घ्या, नंतर उरलेली मोजा, आणि क्षेत्रफळानं गुणा, वर थोडी जास्तीची धरा. बॅकग्राउंडचा रंग सगळा एकदम आणा, एकाच लॉटचा. महिन्यानं आणलेला मोतिया तोच मोतिया नसतो.

काम उतरवल्यावर

तिरक्या टाक्यांनी कॅनव्हास थोडा वाकतोच. आधी एका ओल्या पांढऱ्या रुमालानं प्रत्येक गडद रंग दाबून बघा, रंग उतरत असेल तर पाणी जपून. उतरत नसेल तर काम पाण्यानं सगळीकडून दमट करा, जाड बोर्डावर चौकोन आखून त्यावर प्लास्टिक घाला, आणि ज्या बाजूला वाकलंय त्याच्या उलट ओढून न गंजणाऱ्या पिना दर अर्ध्या इंचावर मोकळ्या कडेत मारा. सपाट काम असेल तर पालथं, ऱ्होड्स आणि तुर्की गाठी असतील तर उताणं, म्हणजे उठाव दबत नाही. इस्त्री तर अजिबात नको. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वाळतं, पावसाळ्यात पंख्याखाली दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, अर्धवट ओलं काढलं की परत वाकतं. फार वाकलं असेल तर हेच दोनदा करावं लागतं.

उशी शिवताना मागचं कापड जाडसर घ्या, कॉटन वेल्वेट किंवा जाड खादी. शिवण गोबेलिनच्या बाहेरून नाही, एक धागा आतून घाला, बाहेरून घातली की कडेला पांढऱ्या कॅनव्हासची रेघ दिसत राहते. कोपऱ्यातला जादा कॅनव्हास तिरका कापा पण शिवणीच्या अगदी जवळ जाऊ नका, मोनो उसवतो, म्हणून कापायच्या आधी तिथे मशीनचा झिगझॅग मारून घ्या. आणि आतली उशी कव्हरपेक्षा इंचभर मोठी घाला, नाहीतर मेहनतीनं जुळवलेले चारही कोपरे लोंबतात.